देवयानी दीर्घिकेच्या फोटोत आकाश हिरवट, केंद्र गुलाबी: रंग कुठे बिघडतोय?

व्याध:
मूळ स्थितीतला (आतला फिल्टर न काढलेला) एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर, ४०० मिमी लेन्स, देवयानी दीर्घिकेच्या १२० सेकंदांच्या ६० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम, सोबत डार्क आणि फ्लॅट (कॅमेरा-लेन्सचे दोष काढायच्या फ्रेम). सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर (सगळ्या फ्रेम एकत्र केल्यावर) सगळं हिरवं. स्ट्रेच करून (अंधुक भाग उजळवून) कर्व्हने हिरवा उतरवला की आकाश ठीक दिसतं, पण केंद्र गुलाबी होतं. एका कोपऱ्यात तांबूस छटाही उरते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स चुकला का?

कृत्तिका:
नाही. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते. हिरवंही चालेल, सेन्सर हिरव्याला जास्त संवेदनशील असतोच. (सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरच्या बायर जाळीत हिरवे पिक्सेल दुप्पट म्हणून असं होतं, हे कारण चुकीचं, डिबेयर केल्यावर (जाळीवरून पूर्ण रंग काढल्यावर) प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंगांचं एकेक मूल्य मिळतं.)

गडबड क्रमाची आहे. आकाशाचा उजेड चित्रात मिळवला गेलेला असतो, तो वजाच करावा लागतो. सेन्सरच्या रंगांतला फरक गुणाकाराने सुटतो. स्ट्रेचनंतर एकाच कर्व्हने दोन्ही करायला गेलं की आकाश सुधारतं आणि केंद्र बिघडतं.

म्हणून चित्र लिनियर (अजून स्ट्रेच न केलेलं) असतानाच: कडा क्रॉप, मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाचा उजेड वजा करणं), मग प्लेट सॉल्व्ह (चित्रातले तारे कुठले ते ओळखणं; फोकल लांबी आणि पिक्सेलचा आकार बरोबर भरा), मग फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून चित्राचे रंग जुळवणं). स्ट्रेच त्यानंतर. तुमचं क्षेत्र साधारण ३.२ × २.१ अंश आणि दीर्घिकाच ३ अंशांच्या आसपास, त्यामुळे बॅकग्राउंडचे सॅम्पल (आकाशाचा उजेड मोजायचे ठिपके) आपोआप टाकू देऊ नका. फक्त कोपऱ्यांत हाताने ठेवा, पॉलिनॉमियल १ डिग्रीची (म्हणजे साधा सरळ उतार). एक सॅम्पल जरी भुजांवर पडलं तरी दीर्घिकेचाच उजेड वजा होतो.

ध्रुव:
त्यात भर. कॅलिब्रेशन ताऱ्यांवर चालतं, म्हणून जळालेले (अति उजेडाने पांढरे पडलेले) तारे उपयोगाचे नाहीत. हिस्टोग्राम उजव्या कडेला चिकटत असेल तर आयएसओ कमी करा. लक्ष्य उंच असताना घ्या: ३० अंशांवर प्रकाश दुप्पट हवेतून येतो आणि त्यात निळा सर्वाधिक गळतो. 'रिमूव्ह ग्रीन' शेवटी, तेही हलकं. आधी वापरलं तर चूक झाकली जाते, इतकंच.

केंद्र पिवळसर आलं तर हात लावू नका, तिथले तारे म्हातारे आहेत. भुजांमधले हायड्रोजनचे लाल ठिपके मात्र फिकेच राहतील. कॅमेऱ्यातला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश अडवतो, आणि ताऱ्यांवरून केलेलं कॅलिब्रेशन ती एक रेषा परत आणू शकत नाही.

व्याध:
आणि ड्युअल-बँड फिल्टर (फक्त दोन अरुंद रंगपट्टे सोडणारा) लावला तर?

कृत्तिका:
मग नेहमीचं फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन लागू पडत नाही. फक्त पार्श्वभूमी राखाडी करा; पुढचे रंग तुमच्या आवडीचे.