मदत हवी आहे: जनगणनेचे आकडे नकाशाला जोडले की सगळे तालुके कोरे

नमस्कार मंडळी,

एम.ए. भूगोलाच्या प्रकल्पासाठी पालघर जिल्ह्याचा नकाशा करतेय. कुठल्या तालुक्यात आदिवासी लोकसंख्या किती, एवढंच दाखवायचंय. जनगणनेच्या संकेतस्थळावर २०११ चा प्राथमिक गोषवारा (आपलं पीसीए) शोधला, तर महाराष्ट्राचे ३५च जिल्हे, पालघर गायब! अर्धा तास शोधल्यावर डोक्यात प्रकाश पडला: जिल्हाच १ ऑगस्ट २०१४ ला झालाय. मग ठाण्याची फाईल उतरवली, कोड ५१७. तिच्यातल्या १५ तालुक्यांपैकी ८ माझे: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड.

नको ते रकाने उडवून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) केली आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तालुक्यांच्या शेपफाईलला (सीमांची फाईल) जोडली. सगळीकडे 'नल', म्हणजे रिकामं. नकाशा पांढराफटक.

आधी नावावरून जोडून पाहिलं होतं, पण वाडा एकीकडे 'व्ही'ने तर दुसरीकडे 'डब्ल्यू'ने. म्हणून तालुक्याच्या कोडवर आले. कोडचे शेवटचे चार आकडे तर तेच दिसतात. शनिवारी जमा करायचंय, जाणकारांनी कृपया सांगावं.

नकाशेवेडा:
शेवटचे चार तेच, मग पहिला कुठे गेला? :) २०११ चा तालुक्याचा कोड पाच आकडी असतो आणि आपल्याकडे तो शून्याने सुरू होतो. सीएसव्ही केल्यावर तुम्ही ती पुन्हा स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली असणार. तिथे कोडची संख्या झाली नि शून्य गळालं. मूळ फाईल असेल तर तिच्यापासूनच परत सुरुवात करा. नसेल तर क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये टेक्स्ट प्रकारचा नवा रकाना घ्या आणि एलपॅड फंक्शनने डावीकडे शून्य भरून पाच आकडे करा. सीएसव्ही आत घेताना 'डिटेक्ट फील्ड टाइप्स'ची खूणही काढा, नाहीतर तिथेही तेच होईल.

धागाकर्ती:
एक रकाना राहिला म्हणून उघडली होती खरी. मूळ फाईल आहे, वाचले! पण आता दिसतंय, एकेका तालुक्याच्या तीन-तीन ओळी आहेत. हे काय?

कोकणकडा:
टोटल, रुरल, अर्बन. 'टीआरयू' रकान्यात टोटल ठेवा आणि 'लेव्हल'मध्ये सब-डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावं-वॉर्डही बाजूला होतील.

न विचारता एक सांगतो. नुसता 'पी_एसटी' (आदिवासी लोकसंख्येचा रकाना) रंगवू नका. वसईची लोकसंख्या १३ लाखांवर, मोखाड्याची लाखाच्याही आत. आदिवासींची नुसती संख्या घेतलीत तर वसई मोखाड्याहून गडद दिसेल आणि नकाशा चक्क खोटं बोलेल. 'टीओटी_पी'ने, म्हणजे एकूण लोकसंख्येने, भागून टक्के काढा.

(परीक्षक विचारतीलच, एवढे जुने आकडे का? २०२१ ची जनगणना झालीच नाही म्हणून.)

धागाकर्ती:
झालं! जव्हार, मोखाडा, विक्रमगड एकदम गडद, वसई सगळ्यात फिकट. दोघांचे खूप आभार. फक्त तलासरीचं नाव शेजारच्या डहाणूवर चढतंय, ते आता हातानेच सरकवते.