अनुभव धागा : तुमच्या कॅमेऱ्यातल्या कुठल्या सोयी खरोखर वापरात आहेत?

परवा भाचीसोबत कॅमेरा बघायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने एका दमात यादी सांगितली: सेकंदाला ३० फोटो, ८के व्हिडिओ, माणूस-पक्षी-मोटार-विमान ओळखून आपोआप धरणारा फोकस, दोन कार्डांची सोय. भाचीला फोटो काढायचेत घरच्या गौरी-गणपतीचे, मांडूच्या सहलीचे आणि आजीचे. किंमत ऐकून पोरीचा चेहरा उतरला. आम्ही काहीच न घेता परतलो.

आपण इंदूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत, थोडक्या साधनांत काय होतं याचा दाखला घरातच आहे. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ इथल्याच बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि ती सांभाळून १८७४ च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हाती घेतली. पुढे निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला. काचेच्या प्लेटा, तिपाई आणि भरपूर धीर, एवढ्यावर त्यांनी काढलेले फोटो आजही आपण थांबून बघतो.

माझ्याकडे निकॉनचा डी९० आहे. २००८ साली आला तेव्हा व्हिडिओ काढू शकणारा पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) म्हणून त्याचं केवढं कौतुक झालं होतं! मी त्यावर आजवर दोनदा व्हिडिओ काढला. १२ मेगापिक्सेलच आहेत, पण कृष्णपुऱ्याच्या छत्रीचा १२ बाय १८ चा प्रिंट बैठकीत लावलाय, हातभर अंतरावरून बघितला तरी फुटत नाही. माझा हात चारच गोष्टींवर जातो: अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते, म्हणजे एफचा आकडा), एक्स्पोजर कमी-जास्त करून फोटो उजळ-गडद करायचं बटण, आयएसओ (कमी उजेडात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) आणि मधला एक फोकस बिंदू.

तुमचं काय? काय घेतलं, काय वापरलं, काय पडून राहिलं, मोकळेपणाने लिहा. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे.

राजेंद्रनगरहून

दादा, मी उलट बाजूने लिहितो. दर रविवारी पहाटे सिरपूर तलावावर असतो. पूर्वी उडता खंड्या टिपायचा म्हणजे ५० फोटोंत एखादा धड यायचा, तोही नशिबाने. पक्ष्याचा डोळा पकडणारा फोकस आल्यापासून दहात सहा-सात चांगले येतात. माझ्यासाठी ही चैन नाही, याच्यासाठीच मी पैसे साठवले होते.

पण सेकंदाला २० फोटोंचं मात्र ऐका. पहिल्या हिवाळ्यात बोट दाबूनच ठेवायचो. एका सकाळी कमळपक्षी पानावरून पानावर चालत होता, फार सुंदर उन्हात. घरी येऊन बघतो तर २८०० फोटो. त्यातले निम्मे असे की पाय जरा इकडे, पाय जरा तिकडे, बाकी सगळं तेच. तीन संध्याकाळी निवडण्यात गेल्या आणि शेवटी ठेवले चार. आता वेग ७ वर आणलाय आणि पक्षी हलेल असं वाटलं तरच बोट दाबतो. वाट बघायची सवय पुन्हा लागली. कमळपक्षी पंख पसरण्याआधी मान किंचित खाली घेतो हे मला मशिनगनसारखे फोटो काढत होतो तेव्हा कधी दिसलं नव्हतं.

रामबागेतून

माझ्याकडे फक्त फोन आहे. पोह्यांची प्लेट, नातवंडं, अंगणातलं प्राजक्ताचं झाड. छापून अल्बमही केलाय. अजून तरी काही कमी पडलं नाही.

लोकमान्यनगरहून

सराफ्याचा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल. नव्या कॅमेऱ्यात आवाज न करणारं शटर आहे म्हणून मी फार खूश होते. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की खाऊच्या गाड्या लागतात. तिथे खटखट आवाज झाला की लोक लगेच कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि सहज चेहरा हातातून जातो. म्हणून सगळी रात्र आवाज बंद ठेवून काढले. गराडू (एक कंद) तळणारे काका, त्यांच्या कपाळावरचा घाम, कढईतून निघणारी वाफ, सगळं मनासारखं मिळालं असं वाटलं.

घरी मोठ्या पडद्यावर लावलं तर प्रत्येक फोटोत आडवे काळसर पट्टे. काकांच्या चेहऱ्यावरून, पांढऱ्या बनियनवरून, भिंतीवरून. एकही फोटो धड नाही. रडूच आलं.

मग कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. आवाज न करणारं शटर चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचत जातं. मी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला होता, म्हणजे काही ओळी दिवा तेजीत असताना वाचल्या गेल्या, काही मंद असताना. आता सराफ्यात साधं यांत्रिक शटर आणि वेग १/१०० किंवा १/५०. दिव्याचं एक अख्खं आवर्तन त्यात मावतं, पट्टे येत नाहीत. ते शटर वाईट नाही. बहिणीच्या मुलाच्या मुंजीत सकाळच्या उजेडात, मंगलाष्टकं चालू असताना फार उपयोगी पडलं. पण सोय कधी वापरायची नाही हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाया गेली नसती.

*ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्या काकांचे फोटो पुन्हा मिळाले का?*

मिळाले. पुढच्या शनिवारी गेले, त्यांना प्रिंटही नेऊन दिला.

सुदामानगरहून

मोठमोठ्या सोयी बघताना एक छोटी गोष्ट बघायची राहिली, त्याची ही हकीकत. पहिला डीएसएलआर घेतला, सुरुवातीच्या श्रेणीतला. काकांनी त्यांची जुनी ५० एमएम एफ १.८ लेन्स प्रेमाने दिली. लावली, बटण अर्धं दाबलं, काहीच नाही. लेन्स बिघडली असं समजून दुरुस्तीला नेली. तिथल्या माणसाने सांगितलं, लेन्स ठणठणीत आहे, तिच्यात मोटारच नसते. अशा लेन्सला फिरवणारी मोटार कॅमेऱ्याच्या अंगात लागते आणि निकॉनच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यातून तीच काढलेली असते. विकणाऱ्याने वायफाय दाखवलं, स्क्रीनवरचे रंग दाखवले, हे सांगितलं नाही.

मी ती लेन्स हाताने फोकस करून वापरतो आणि मुलीचे सगळ्यात आवडते फोटो तिनेच निघालेत. तरी भाचीला सांगा: घरात कुणाची जुनी लेन्स असेल तर आधी ती दुकानात नेऊन लावून बघ.

*डी९० मध्ये ती मोटार आहे आणि मला आजवर त्याची जाणीवच नव्हती. धन्यवाद.*

वैशालीनगरहून

रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) दरवर्षी जातो. धूळ-पाण्यापासून बचाव असलेला कॅमेरा, हीच एक सोय मला हवी होती आणि ती पुरती वसूल झाली. त्याआधी साधा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेला होता. राजवाड्यासमोर गुलालाचा असा लोट आला की समोरचा माणूस दिसेना. आठ दिवसांनी झूम फिरवताना वाळू घासल्यासारखी करकर यायला लागली, गुलाबी भुकटी नळीच्या आत पोचली होती. एक टीप: बंदिस्त कॅमेऱ्यावर लेन्ससुद्धा बंदिस्तच हवी, नाहीतर अर्धं दार उघडंच. आणि गर्दीत लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच.

महूहून

वय ६४. रोलच्या काळात फोटो जपून काढायचे, हे खरं आहे. पण तो काळ परत यावा असं मला वाटत नाही. रोल १०० आयएसओचा घातला की ३६ फोटो संपेपर्यंत १०० च. अहिल्योत्सवाची पालखी पावसाळ्यातली, आभाळ भरलेलं, राजवाड्याशी येईपर्यंत उजेड गेलेला. कित्येक वर्षं पालखीचे फोटो काळे आले. आज प्रत्येक फोटोला आयएसओ वेगळा ठेवता येतो. सगळ्या सोयी काढून घेऊन एकच ठेवा म्हणालात तर मी ही ठेवीन. आपण तिला सोय म्हणतही नाही, इतकी अंगवळणी पडलीय.

माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत बाकी काय काय आहे ते मी पुस्तिका घेऊन एकदा नीट वाचलं. दोन बटणांना कामं नेमून दिली आणि मेनू बंद केला. वर्षभरात पुन्हा उघडावा लागला नाही.

शिवाजीनगरहून, बाबांच्या वतीने

बाबा ७३ वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून उजवा हात थरथरतो. कॅमेरा त्यांनी स्वतःहून कपाटात ठेवला होता, संध्याकाळचे फोटो हललेले येतात म्हणून. मागच्या दिवाळीत भावाने सेन्सरच हाताच्या उलट दिशेने सरकून तोल सावरतो असा कॅमेरा आणला. किंमत ऐकून बाबा रागावले, एवढा महागडा माझ्यासाठी कशाला म्हणाले.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी तो पहिल्यांदा उघडला. आई वृंदावनापाशी दिवा लावत होती, अंगणातला दिवा बंद होता, पणतीचाच काय तो उजेड. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, श्वास धरला आणि तीन फोटो काढले. दुसऱ्या फोटोत आईच्या बांगड्यांवरची नक्षी मोजता येते. पणतीमागचा तिचा हात, चिमटीत धरलेली वात, कपाळावरचं कुंकू, कुठेच हललेलं नाही. त्यांनी तो मोठा करून करून बघितला. मग मला हाक मारली आणि म्हणाले, चष्मा दे गं, नीट बघू दे.

*शटर किती होतं?*

विचारून आले. १/८, आयएसओ १६००, एफ २.८. आणि बाबा विचारतायत, भाची कुठल्या रविवारी मोकळी आहे? कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी सकाळी सातला ते कॅमेरा घेऊन येतील. तिने हातात घेऊन बघावा, मग ठरवावं.