प्रतिसाद : श्वासातला ऑक्सिजन जातो कुठे?

श्वासातला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं वर लिहिलंय. शाळेत माझीही तीच समजूत होती, पण ते तसं नाही. तो ऑक्सिजन मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूंच्या साखळीत अगदी शेवटी उभा असतो. इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो अन्नातून आणि पाण्यातून, मुख्यतः क्रेब्ज चक्रात, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात.

दादरचा पूल धावत चढून लोकल पकडतो ना, तेव्हा तर फारच सुंदर गोष्ट घडते. श्वसनाला वेग यायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही सेकंद स्नायू साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनावर भागवतात. मग ग्लुकोज. त्याच्या एका रेणूतून ऑक्सिजनविना एटीपीचे (पेशी जी ऊर्जा थेट वापरते त्या रसायनाचे) २ रेणू मिळतात, ऑक्सिजन असला तर साधारण ३० ते ३२. डब्यात जागा मिळाली तरी धाप थांबत नाही, कारण रिकामा झालेला साठा भरून काढायचा असतो.

हे क्रिएटिन फॉस्फेट १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधलं. क्रेब्ज यांचं नाव मला शाळेत पाठ होतं, सुब्बारावांचं मात्र तिशीनंतर कळलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.