मदत हवी आहे: मुलीला दत्तकासाठी मुक्त घोषित केल्याचा आदेश निघालाय की नाही, कुठे कळेल?

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. आमच्याकडे अडीच वर्षांपासून फॉस्टर केअरमध्ये (दत्तक न घेता कुटुंबात केलेला सांभाळ) आठ वर्षांची मुलगी आहे. ती पनवेलच्या संस्थेतून आली, म्हणजे संस्था रायगड जिल्ह्यात आणि आम्ही ठाण्यात.

फॉस्टर केअरच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आता पाचऐवजी दोन वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करता येतो. पण त्याआधी बाल कल्याण समितीने (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मुलीला 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' घोषित केलेलं लागतं. तिथेच अडलंय. तिचे आईवडील सापडलेले नाहीत. समितीचा फॉस्टर केअरचा आदेश आमच्याकडे आहे, मुक्त घोषित केल्याचा मात्र नाही.

दोन्ही जिल्ह्यांत विचारलं, दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. माहिती अधिकारात 'संकलित माहिती उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आलं. पहिलं अपील केलंय. ती रोज विचारते, शाळेत आडनाव कोणतं लिहू.

कृपया एजंट सुचवू नका. तिचं नाव, फोटो मागू नका, कायद्याने ते उघड करता येत नाही. वकील लागला तर चालेल.

जिल्हा बदललेल्या मुलाच्या बाबतीत घोषणेचा अर्ज कोणत्या समितीकडे करायचा, आणि जुनी फाईल तिथे मागवायची कोणी?