व्हिपलमध्ये स्वादुपिंड आतड्याला जोडायचं की जठराला? प्लीज लवकर सांगा

बाबांचं व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन, शुक्रवारी आहे. पहिले सर्जन म्हणाले उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडतो, सेकंड ओपिनियनला गेलो तर ते म्हणतात मी जठरालाच जोडतो, जोडणीतून स्वादुपिंडाचा रस गळणं (लीक) कमी होतं. कोणाचं ऐकू? उद्या संध्याकाळी ॲडमिट व्हायचंय.

वारजेकर: वय? शुगर? गाठ कुठे आहे? काविळीसाठी स्टेंट टाकलाय का? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

पौडरोड_७२: आईचं जठराला जोडलं, एक थेंब लीक नाही. डोळे झाकून तेच करा.

डॉक्टरीणबाई: एका पेशंटवरून असं नका सांगू हो. जर्मनीत १४ सेंटर्समध्ये रेकोपँक ट्रायल झाली, २०१६ ला छापून आली. त्रासदायक लीक जठराला जोडलेल्यांत २० टक्के आणि आतड्याला जोडलेल्यांत २२ टक्के, म्हणजे फरक नाहीच, उलट जठराच्या गटात रक्तस्राव जास्त. लीक ठरतं ते स्वादुपिंड मऊ आहे का आणि त्यातली नळी (डक्ट) किती बारीक आहे यावर. सीटीत डक्ट किती मिमी आहे?

पौडरोड_७२: ट्रायल तुमची, आई माझी. तीन आठवडे मी तिच्या उशाशी होतो.

कोथरूडची_मीनल: मुंबईला टाटाला न्या, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होते. आणि नंतर पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबरच द्या, जेवण झाल्यावर नाही, आम्ही महिनाभर चुकीची देत होतो आणि काका नुसते वाळत गेले.

धागाकर्ती: सॉरी, घाईत राहिलं. वय ६७, शुगर आहे, गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे, स्टेंट टाकलाय. डक्ट २ मिमी लिहिलंय. मुंबई आता शक्य नाही.

डॉक्टरीणबाई: ३ मिमीच्या आतली डक्ट म्हणजे रिस्क जास्त, जोडणी कुठलीही असो. दोघांनाही एवढंच विचारा की वर्षाला किती व्हिपल करता आणि हात कुठल्या जोडणीवर बसलाय. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या (पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या) पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, तपासतात, तो आकडा मागून घ्या. पिशवीतलं पाणी गढूळ किंवा लालसर दिसलं तर सिस्टरना लगेच दाखवा, राउंडची वाट बघू नका.

धागाकर्ती: पहिल्या सर्जनशी बोलले. म्हणाले मी कायम आतड्यालाच जोडतो, मऊ असेल तर टाके आणखी सांभाळून घेईन. तिथेच करतोय. अमायलेजचं वहीत लिहून ठेवलंय.

कोथरूडची_मीनल: बाबांचा ब्लड ग्रुप कोणता? माझा बी पॉझिटिव्ह, जुळत असेल तर उद्या सकाळीच येते द्यायला.