टिंबटिंब आणि !!!! : तुमचे अनुभव सांगा

काल आतेभावाचा मेसेज आला, "ये घरी..." एवढंच. बोलावतोय की टोमणा मारतोय, कळेना. त्यावरून आमच्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आठवले. "उद्या पाणी येणार नाही!!!!!" आणि "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!!!!!" दोन्हींत दम सारखाच. बर्थडे बॉय घाबरायचा. तुमच्याकडचे नमुने येऊ द्या.

चकलीची_सोऱ्या
आमच्या साहेबांचं "ओके." त्या टिंबाने अख्खा दिवस पोटात गोळा. समोर भेटले की चहा पाजतात.

मुळामुठा
सासूबाई "जेवलात का....." वाचून मी थेट फोनच लावते. त्या निवांत शेंगा सोलत असतात. म्हणे बोट तिथंच राहतं गं

बोरूबहाद्दर
जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हतीच, शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. मराठीत ती रुळली १९व्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने. त्याआधीच्या पत्रांतल्या धमक्या बिनाउद्गारचिन्हाच्याच, तरी समोरच्याला बरोब्बर कळायच्या.

चकलीची_सोऱ्या
कँडी म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातले?

बोरूबहाद्दर
तेच. १८३१ चा कोश. दुसरी आवृत्ती १८५७, त्यातही त्यांचा हात होता.

नागपुरी_तर्री
आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं "भावपूर्ण श्रद्धांजली!!!" खाली दुसऱ्याने "अभिनंदन" ठोकलं ना भाऊ. त्याने फक्त उद्गारचिन्हं वाचली असावीत

मुळामुठा
अरे देवा 😂 कुकर झाला, येतेच

दुपारपाळी
पेपरात मुद्रितशोधक होतो. मथळ्यात दुसरं उद्गारचिन्ह दिसलं की लाल पेन. आता पोरगी म्हणते, बाबा तुम्ही चिडल्यासारखं लिहिता. का, तर प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. बरं, तिचं "होssss" चालतं. तिच्यासाठी शेवटचं टिंब गाळायला शिकतोय, पण हात वळत नाही.

सांजवात
@दुपारपाळी नका गाळू. आमचे अण्णा "पोचलो. जेवलो. झोपतो." असंच पाठवायचे, तारेसारखं. आता ते नाहीत, पण तो चॅट मी अजून ठेवलाय

दुपारपाळी
वाचलं. बरं वाटलं.

नागपुरी_तर्री
काका पुन्हा टिंब!!

मुळामुठा
आले. भात लागला खाली. करपलेला वास जायला काय करता कुणी???

चकलीची_सोऱ्या
वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढ, खालचा अजिबात ढवळू नकोस. आणि तीन प्रश्नचिन्हं कशाला, एकात उत्तर दिलं असतं की