अनुभव धागा: नाकातून नळी घालताना तुमचा हात कुठे अडला?

जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडातली गाठ, अक्कलदाढांचं मोठं ऑपरेशन. अशा वेळी सर्जनला तोंड मोकळं हवं असतं, म्हणून श्वासाची नळी नाकातून न्यावी लागते. पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात, पण प्रत्येक नाक वेगळं निघतं. तुमचा हात कुठे अडला आणि मग काय केलंत, ते लिहा. रुग्णांनीही जरूर लिहा. कोणाची ओळख पटेल असं काही नको. सुरुवात मी करते.

शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. उजवी नाकपुडी मोकळी दिसली म्हणून साडेसात मिलिमीटरची नळी घेतली. थोडी आत गेल्यावर अडली. मी जोर लावला. बोटांना आतली बारीकशी करकर जाणवली, नळी एकदम पुढे सरकली आणि लॅरिंगोस्कोप (घशात पाहायचं दिवा असलेलं साधन) घालेपर्यंत घसा रक्ताने भरला होता. मी नळी ओढून काढणार, तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं. "काढू नकोस. रक्तावर तिचाच दाब आहे." त्यांनी सक्शन हातात घेतलं, क्षणभर स्वरतंतू दिसले, तेवढ्यात नळी आत गेली. कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला वायू दाखवणाऱ्या यंत्रावर) कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली, म्हणजे नळी श्वासनलिकेतच होती, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता आदल्या दिवशीच मी रुग्णाला एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावते. घोळणा फुटतो का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, नाकाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारते. मोठ्या माणसालाही बहुतेक वेळा ६ किंवा ६.५ची नळी पुरते.

भूलतज्ज्ञ, २२ वर्षे
नवीन मुलांचा हात हमखास वर जातो, कारण नाक बाहेरून वर चढलेलं दिसतं. वाट मात्र सरळ मागे आहे, नाकाच्या तळाला धरून, खालच्या टर्बिनेटच्या (नाकातल्या हाडाच्या वळकटीच्या) खालून. वरच्या वाटेने गेलात तर मधल्या टर्बिनेटला धक्का लागतो आणि तो तुटूही शकतो. मी नाकाचा शेंडा अंगठ्याने उचलतो आणि नळी चेहऱ्याशी काटकोनात ठेवतो.

दुसरं म्हणजे लाल रबरी कॅथेटर, एक बारीक मऊ नळी. त्याचं रुंद तोंड नळीच्या टोकावर घट्ट बसवायचं. नळीची तिरकी कापलेली कड त्यात झाकली जाते आणि पुढे मऊ रबर वाट काढतं. कॅथेटर घशात दिसला की मॅगिल फोर्सेप्सने (लांब वाकड्या चिमट्याने) तोंडातून बाहेर घ्यायचा, मागोमाग नळी येते. मग कॅथेटर सोडवायचा आणि तो अख्खा बाहेर आलाय ना, हे डोळ्यांनी पाहायचं. माझ्या हातून रक्त येण्याचं प्रमाण यामुळे खरोखर कमी झालं. दोन मिनिटं जास्त लागतात. ती द्यावीत.

ओटी टेक्निशियन
नळी कोमट सलाईनमध्ये ठेवायचं काम माझं. फार मऊ झाली तर आत दुमडते, म्हणून मी मधूनमधून वाकवून बघतो. बाहेर काढल्यावर कफ (नळीच्या टोकाजवळचा फुगा) पुन्हा फुगवून तपासतो, मग जेली. झायलोमेटाझोलिनचे थेंब वेळेवर पडलेत का, हेही मीच विचारतो. थेंब टाकून लगेच नळी घातली तर शिरा आकसायला वेळच मिळत नाही.

निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष
मॅगिलने नळी धरताना माझ्याकडून कफ फाटला. सगळं पुन्हा करावं लागलं. सरांनी नंतर दाखवलं: नळीचं टोक मागे अन्ननलिकेकडे जात असेल तर घशातच कफ फुगवा, टोक पुढे उचललं जातं. टोक स्वरयंत्राच्या तोंडाशी लागलं की हवा काढून नळी सरकवा. फोर्सेप्स बऱ्याचदा लागतच नाही.

रुग्ण
माझं ऑपरेशन सहा तास चाललं. जबडा छान बसला, पण नाकपुडीच्या कडेला काळसर जखम झाली आणि तिचा वण अजून आहे. नळी कपाळाकडे ताणून बांधली होती, असं नंतर कळलं. माझ्याशी सगळे आपुलकीने वागले, पण हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

धागाकर्ती
मनापासून आभार. नळी कपाळाकडे ओढली गेली की नाकपुडीच्या कडेचा रक्तपुरवठा दाबला जातो. मी खाली मऊ पट्टी ठेवते आणि लांबलेल्या केसमध्ये चादरीखाली हात घालून कड चाचपते.

भूलतज्ज्ञ, अपघात विभाग
मी न घातलेल्या नळीबद्दल लिहितो. अपघातातला तरुण, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, नाकातून पाण्यासारखा स्राव. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल तर नाकातली नळी थेट कवटीत जाऊ शकते. सर्जनला दातांची तार बांधायची होती, म्हणजे तोंडातली नळीही चालेना. शेवटी तोंडातून घातलेली नळी त्यांनी हनुवटीखालच्या छेदातून बाहेर काढली.

रिकव्हरीतली सिस्टर
नळी काढण्याआधीचंही लिहा ना. आमच्याकडे थ्रोट पॅक (घशात ठेवायचा कापडाचा बोळा) घातला की फळ्यावर लिहितात, रुग्णाच्या कपाळावर पट्टी चिकटवतात आणि काढल्यावर मोठ्याने बोलतात. एकदा पॅक निघाला, फळा पुसला, सगळे निघायच्या तयारीत होते. भूल देणाऱ्या मॅडमनी तरीही लॅरिंगोस्कोप घालून पडजिभेच्या मागे सक्शन फिरवलं. अंगठ्याएवढी रक्ताची गुठळी निघाली.